दाढीच्या साबणाची जागा

२४ फेब्रुवारी, मंगळवार

ही डायरी ह्यांची आहे. नवं वर्ष लागलं की आमचं सामानाचं दुकान जुन्या गिऱ्हाइकांना एकेक डायरी फुकट देतं. पुठ्ठ्यावर टोपलीचं चित्र, शेवटच्या पानावर एकतीस शाखांचे पत्ते. आमची शाखा नववी. हे रोज एक ओळ लिहायचे. "दूध आणले. हवा बरी." "नळ दुरुस्त केला." अठ्ठावन्न वर्षांत माझ्याशीही साधारण तेवढंच बोलले.

अठरा जानेवारीच्या पानावर आहे, "साबण संपत आला. आणणे." वीस तारखेला गेले. पुढची पानं कोरी.

वस्तू वाया गेलेली मला बघवत नाही, म्हणून उरलेली पानं मी भरते आहे. चौथीपर्यंत शिकले. चौथी पास की नापास ते कळायच्या आत शाळा सुटली. शुद्धलेखन तपासायला कोणी येणार नाही.

मी रडले नाही. शेजारीण म्हणाली, "रडून मोकळ्या व्हा हो." मी काय तुंबलेली मोरी आहे मोकळी व्हायला. मनात काही नाहीच तर डोळ्यातून काय येणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून.

साबण तेवढा आणायचा राहिला आहे.


२५ फेब्रुवारी, बुधवार

साबण आणला. दाढीचा, गोल, पांढऱ्या डब्यातला, निळ्या झाकणाचा. दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर, कोपऱ्यात. वर फोमचे डबे उभे, रंगीत, छाती काढून. वाकताना गुडघ्याने हिशेब चुकता केला.

तिथे बिपबाई फरशीवर बसकण मारून फळीवरची लेबलं उचकटत होती. ती काउंटरवर बसते, वस्तू मशीनपुढे धरते, मशीन बिप म्हणतं. म्हणून मी तिला बिपबाई म्हणते. तोंडावर म्हणते, तिला चालतं. गिऱ्हाईक नसलं की तीच सामान मांडते.

"हे काय चाललंय?"

"जागा काढतेय, आजी. महिन्याला चार नग विकले गेले नाहीत की हेड ऑफिसचं मशीन त्या मालाची जागा काढून घेतं. मग तो परत येत नाही."

"ह्या साबणाची पण?"

"हो. पूर्वी पाच-सहा आजोबा घ्यायचे. मग एकेक करून..." ती थांबली.

"एकेक करून काय?"

"फोम वापरायला लागले."

म्हातारपणी एकेकाला फॅशन सुचते. मी तिला म्हटलं ते लेबल होतं तिथे चिकटव, महिन्याला चार मी घेईन. ती म्हणाली, "चारही आजच घ्या ना मग." मी म्हटलं नको, पिशवी जड होते. आठवड्याला एक घेईन.

ती माझ्याकडे बघत राहिली. कामं सोडून बघत बसायची सवय आहे तिला. लेबल मात्र लावलं.


१ मार्च, रविवार

मुलाचा फोन. तो तीन तासांवर राहतो. दर रविवारी साडेदहाला करतो. सून मागून सांगते, हा पुढून विचारतो.

"आई, जेवलीस का?"

"साडेदहाला?"

मागून काहीतरी आवाज. "नाही, म्हणजे नाश्ता."

मग नेहमीचं. एकटी कशी राहणार, पडलीस-बिडलीस तर. आमचं ठरलेलं आहे. जोवर माझं सामान मी माझ्या पायाने जाऊन आणते, तोवर मी इथे. ज्या दिवशी ते कुणी आणून द्यावं लागेल, त्या दिवशी खोकी भरायची आणि त्याच्याकडे जायचं. शब्द दिला आहे. माझ्या दारापासून दुकानाचं दार दोनशे बारा पावलं. पुढचं दुकान मोठ्या रस्त्यापलीकडे, मध्ये चढायचा पूल, त्याला चौपन्न पायऱ्या. त्या मी एकदा मोजल्या, खालून.

मुलाकडे जायला तसं काही वाईट नाही. सून घालूनपाडून बोलणारी नाही. पण तिचा चहा म्हणजे पाण्याला चहाची बातमी कळलेली. तिची पाठ वळली की मी बेसिनमध्ये ओतते. वर्षाला आठ दिवस ओतता येतो. रोज ओतायचा म्हटलं तर बेसिन तक्रार करेल.


४ मार्च, बुधवार

साबण घेतला. न्हाणीतल्या फळीवर ह्यांचा ब्रश आणि जुन्या साबणाची चकती होती तशीच आहे. ब्रश कडक झाला आहे. नवीन दोन डबे शेजारी ठेवले.


१२ मार्च, गुरुवार

दुकानात हेड ऑफिसची दोन माणसं आली. हातात पाटीसारखी स्क्रीन. एक जण पट्टीने फळ्या मोजत होता, दुसरा माणसं मोजत होता. मलाही मोजलं. मी भाजीकडे जाऊन परत आले तर परत मोजलं. तिसऱ्यांदा गेले. दुकानाचं चार पैशाचं भलं होत असेल तर माझी ना नाही.

दारापाशी खुर्ची आहे, तिथे बसले. ती खुर्ची वॉचमनसाठी ठेवली आहे म्हणतात, पण तो मेला कधी बसत नाही. फेब्रुवारीपर्यंत नव्हती, नवीन आणली, गादीवाली, आणि हा दिवसभर उभा. कंपनीचा खर्च फुकट जाऊ नये म्हणून मी बसते.

माणसं गेल्यावर मॅनेजर आला. पोरगेला आहे, गळ्यात टाय, तोंडभर दाढी. मी विचारलं, "काय म्हणतात?"

"आजी, कंपनी पाच शाखांवर नजर ठेवून आहे. त्यातल्या तीन बंद करणार. मे महिन्यात ठरेल."

"आपली त्यात आहे?"

"पाचांत आहे."

"तू काय करतोयस मग?"

"लोकांना जास्त सामान घ्या असं तर सांगू शकत नाही."

ही कंपनी तीन भावांनी काढली. थोरला नव्वदीचा आहे. आमची शाखा उघडली तेव्हा तो स्वतः दारात उभा होता, मला म्हणाला होता, बाई, तांदूळ कसा हवा ते सांगत जा. मी सांगत आले. आता त्याचे पुतणे बघतात. ते तांदूळ विचारत नाहीत, मशीनला विचारतात.

दुकान गेलं की मी गेले. म्हणजे मुलाकडे. लिहून ठेवते, म्हणजे नंतर म्हणायला नको की कळलं नव्हतं. कळलं होतं. वाटलं काहीच नाही. कांदे घेतले आणि आले.


१९ मार्च, गुरुवार

नियम बदलला. चार नव्हे, आता महिन्याला आठ नग. बिपबाईनेच सांगितलं.

"मग मी आठवड्याला दोन घेते," मी म्हटलं.

"नको, नको. आणखी एक गिऱ्हाईक लागलंय त्या साबणाला. एक आजोबा येतात. बुधवारी."

"मी पण बुधवारी येते. मला कसे दिसले नाहीत?"

"तुम्ही सकाळी येता. ते दुपारी येतात."

"आठवड्याला एक साबण? एवढी कसली दाढी आहे त्याची?"

"खूप आहे," बिपबाई म्हणाली आणि मान खाली घालून बिप बिप करत सुटली. मागे माणूससुद्धा नव्हता रांगेत. माझीच साखर तिने दोनदा बिप केली, मग एकदा रद्द केली.


२ एप्रिल, गुरुवार

काल सकाळपासून वीज नाही. आज दुपारी दुकानाबाहेर ही गर्दी. आईस्क्रीम वितळायला लागलं होतं. नियम असा की वितळलेला माल फेकायचा, फोटो काढून वर पाठवायचा. मॅनेजरने थोरल्याला घरी फोन लावला, पुतण्यांना नाही. थोरला म्हणाला म्हणे, "फोटो काढ आणि वाटून टाक. फोटोत कळत नाही ते कुणाच्या पोटात गेलं."

पायऱ्यांवर सगळी वस्ती बसलेली. शाळेतली पोरं, शिंपी, शिंप्याची आई, पूल ओलांडून आलेले लोकसुद्धा. वॉचमन कागदी पेले भरत होता. दुकानाच्या मोठ्या बॅटरीवर माणसांनी आपापले फोन चार्जिंगला लावले होते, पन्नासेक असतील, एका जागी, वायरींचा गुंता. कोणाचा फोन गेला नाही. शिंप्याची आई मला म्हणाली, "लग्नात पण एवढी माणसं एकत्र बसत नाहीत आता."

"लग्नात जेवण चांगलं नसतं," मी म्हटलं.

ह्यांना आईस्क्रीम आवडायचं. दात शिवशिवतात म्हणत आणि तरी खात. मी दोन पेले घेतले. दुसरा कुणासाठी ते लक्षात आल्यावर शिंप्याच्या आईला दिला.


१४ एप्रिल, मंगळवार

तो दुसरा म्हातारा अजून सापडला नाही. बुधवारी दोनदा दुपारची जाऊन बसले, खुर्चीत, दोन तास. बिपबाई म्हणाली आत्ताच गेले. दुसऱ्या बुधवारी म्हणाली आज बरं नाही त्यांना.

रांगेतल्या पुरुषांचे गाल बघायची सवय लागली आहे. ह्या वयात शोभत नाही. ह्या साबणाने केलेली दाढी ओळखू येते. गाल कोरडा दिसतो, कानाच्या पाळीखाली पांढरं राहतं. ह्यांच्या पाळीखालचं रोज मी पुसायची. तेवढंही नीट जमत नसे.

आज दारात शिरताना वॉचमनने पिशवी धरायला हात पुढे केला. अंगाला तोच वास आला. मी तिथेच उभी राहिले. किती वेळ ते सांगता यायचं नाही.

"आजी, बसता का?"

"गुडघा अडकला," मी म्हटलं.

गुडघाच असणार. त्याचं वय तिशीचं. फोम परवडत नसेल.


२७ एप्रिल, सोमवार

गुडघा सुजला. तीन दिवस घरात. आज बेल वाजली. बिपबाई, हातात पिशवी. दूध, पाव, टोमॅटो, साबण.

"वाटेवरच होते," म्हणाली. तिचं घर दुकानाच्या पलीकडे आहे, माझं अलीकडे. वाट कुठून कुठे गेली तिची, तीच जाणे.

"हे बघ," मी सांगितलं, "मला कुणी सामान आणून द्यायचं नाही. माझा मुलाशी करार आहे."

तिने पिशवी टेबलावर ठेवली, पाणी प्यायली, तिच्या मुलीच्या परीक्षेचं बोलली, उठली, गेली. पिशवी तशीच राहिली. म्हणजे ती गप्पा मारायला आली होती आणि पिशवी विसरली. सामान आणून दिलं असं म्हणता यायचं नाही. करार शाबूत आहे.

जाताना न्हाणीत हात धुवायला गेली. उशिरा बाहेर आली. फळीवर तेव्हा नऊ डबे होते, ह्यांच्या ब्रशाशेजारी, एकावर एक. नाक लाल झालं होतं तिचं. सर्दीची साथ आली आहे वाटतं.


६ मे, बुधवार

आज दुकानात गेले आणि थबकले. दारातच साबणाचा डोंगर. पांढरे डबे, निळी झाकणं, माझ्या खांद्याइतके उंच. बारा खोकी आली म्हणे.

मॅनेजर डोकं धरून उभा होता. "आजी, ह्या शाखेत दाढीच्या साबणाची विक्री एकतीस शाखांमध्ये सगळ्यात जास्त आहे. मशीनला वाटलं इथे लाट आली. पुतणेसाहेबांनी फोन करून शाबासकी दिली. म्हणाले, काय केलंत? आता सगळ्या शाखांत पाठवतो."

"मग वाईट काय आहे?"

"काही नाही," तो म्हणाला. "आयुष्यात पहिली शाबासकी मिळाली ती ह्यात."

त्याच्या खांद्यावरच्या पिशवीतून निळं झाकण डोकावत होतं. मी बोट दाखवलं. "तुला कशाला? तुझी तर केसाळ दाढी."

"भावासाठी," तो म्हणाला.

म्हणजे साबणाला आणखी एक गिऱ्हाईक. आता तो म्हातारा, वॉचमन, ह्याचा भाऊ. आणि आठवड्याला एक घेणारी मी. एवढ्या माणसांना हा साबण आवडतो हे ह्यांना कळलं असतं तर डायरीत लिहिलं असतं. दोन ओळी तरी.

शिंप्याच्या आईने डोंगर बघून विचारलं, "फुकट आहेत का?"


१८ मे, सोमवार

आमची शाखा बंद. एकतीस तारखेला शेवटचा दिवस. काचेवर कागद लावला आहे, खाली आभार. मॅनेजरची बदली चौदाव्या शाखेत, वॉचमनचं ठरलेलं नाही. बिपबाईला एकविसाव्या शाखेत बोलावलं आहे, दोन बस बदलून.

मी विचारलं, "साबण तर एवढा खपत होता."

मॅनेजर म्हणाला, "साबणाने दुकान चालत नाही, आजी."

खरं आहे. तांदूळ घेतला, अर्धा किलोच. आता कशाला जास्त.

घरी येऊन मुलाला सोमवारचाच फोन केला. तो घाबरला. मी म्हटलं, "मेले नाही. खोकी घेऊन ये."


३१ मे, रविवार

मुलगा आणि सून सकाळीच आले. मुलगा खोकी भरत होता, त्याला सगळं उलटं भरायचं कौशल्य आहे. सुनेने न्हाणीची फळी आवरायला घेतली.

"आई, हे साबणाचे चौदा डबे?"

"असू देत."

"बाबांचे?"

"दुकानाचे," मी म्हटलं. ह्यापेक्षा जास्त सांगायला लागलं असतं तर दुपार गेली असती.

मग मी म्हटलं, दुकानात जाऊन येते. सून सोबत आली, नको म्हटलं तरी. फळ्या अर्ध्या रिकाम्या. दुधाच्या फ्रीजचा दिवा बंद. रिकामं दुकान केवढं मोठं असतं. साबणाचा डोंगर मात्र जवळजवळ होता तसा, अर्ध्या किमतीला, तरी कुणी हात लावला नव्हता. तो म्हातारासुद्धा. स्वस्तात मिळत असताना आला नाही म्हणजे खरंच बरं नसावं.

मी भाजीपाशी वळून आले तर सून आणि बिपबाई काउंटरशी डोकं जोडून बोलत होत्या. मला बघून दोघी गप्प. सुनेचे डोळे ओले. ओळख ना पाळख, पहिल्या भेटीत काय एवढं सांगितलं असेल. बायका कुठेही उघड्या नळासारख्या.

माझा एक साबण बिपबाईने मशीनपुढे धरला. बिप झालं.

मी म्हटलं, "त्या बुधवारच्या म्हाताऱ्याला सांग, दुकान बंद झालंय. बिचारा पुलावरून कसा जाईल. त्याला म्हणावं अर्ध्या किमतीत आहेत तोवर चार घेऊन ठेव."

"सांगते, आजी."

"विसरू नकोस."

"नाही विसरत."

वॉचमन दारात खुर्ची हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "घेऊन जा, आजी. हिशेबात नाहीये ही." मी म्हटलं, तुझी आहे, तू बस आता तरी. तो बसला. मला बघायला बरं वाटावं म्हणून बसल्यासारखा.

दोनशे बारा पावलं. आज दोनशे तीस झाली. सून सोबत असल्याने वळसे पडले.


७ जून, रविवार

मुलाकडे. तिसरा मजला, लिफ्ट आहे. मला मागची खोली, खिडकी शेजारच्या भिंतीकडे. भिंत स्वच्छ आहे.

चहा ओतला, सकाळचा आणि दुपारचा. बेसिनवर आता मुलाचा फोमचा डबा आहे, हिरवा. ह्यांचा ब्रश मी खोक्यातून काढला नाही.

साडेदहाला कुणाचा फोन नाही. मुलगा समोरच बसला होता. "आई, जेवलीस का?" त्याने विचारलं. सवय.


१३ जून, शनिवार

सून म्हणाली सामान आणायला चला. इथे आमच्याच कंपनीची एकोणिसावी शाखा आहे, डायरीच्या मागच्या पानावर पत्ता आहे. तोच बोर्ड, तीच टोपली. आत मात्र सगळं डाव्याचं उजव्याला. तेल सापडेना. काउंटरवरची मुलगी अनोळखी, नखं रंगवलेली, मला आजी म्हणत नाही, मॅडम म्हणते. आयुष्यात पहिल्यांदा मॅडम झाले ते मीठ घेताना.

खालच्या फळीवर, कोपऱ्यात, नवं कोरं लेबल. बारा डबे एका ओळीत. निळी झाकणं.

मी वाकले. उठायला वेळ लागला. सून लांबच थांबली होती, बिस्किटं बघत, एकच पुडा उलटसुलट.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "हे वरून आलंय, मॅडम. इथे कोणी घेत नाही. महिनाभर बघतील, मग जागा काढतील."

"आठ लागतात," मी म्हटलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"बिप कर," मी म्हटलं.


२० जून, शनिवार

गेल्या शनिवारी मी एक घेतला, अकरा उरायला हवेत. आज फळीवर नऊ.

मुलीला विचारलं, "आणखी कोणी घेतं का हा?"

तिने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मागे सून होती, ट्रॉली धरून.

"हो," मुलगी म्हणाली. "एक आजोबा येतात."

"कधी?"

"बुधवारी."

म्हाताऱ्यांचा काय ठेका आहे बुधवारावर. मी एक घेतला.


२४ जून, बुधवार

सून कामावरून आली ती दोन्ही हातांत पिशव्या, कानाशी फोन. दारातूनच म्हणाली, "आई, पर्समधून तेवढी कपाटाची किल्ली काढता का?"

पर्स उघडली. किल्लीच्या खाली पांढरा डबा, निळं झाकण. त्याच्या खाली आणखी एक.

मी किल्ली काढली. चेन लावली. पर्स होती तशी खुर्चीवर ठेवली, तोंड भिंतीकडे करून.

बसले जरा. बिपबाईचं घर, त्यात ती आणि तिची मुलगी. मॅनेजरचा भाऊ. वॉचमन. दोन बुधवार दुपारी कुणाची वाट बघत खुर्चीत बसले होते मी. कुणी सांगितलं नाही. मीही आता सांगणार नाही. मुलाला तर नाहीच, तो खोकी उलटी भरतो.

संध्याकाळी न्हाणीत ह्यांचा ब्रश काढून ठेवला, मुलाच्या हिरव्या डब्याशेजारी. भिजवून ठेवला. मऊ व्हायला वेळ लागेल.

सून चहा घेऊन आली. कप ठेवला आणि पाठ वळवून कपडे घड्या करायला लागली, नेहमीसारखी. बऱ्याच घड्या केल्या. तिला बेसिनचं ठाऊक असावं.

तर तो बुधवारचा म्हातारा कोण ते कळलं. चहा पातळ करतो.

कप रिकामा केला.